नवे ब्रेक बसवले, पण पेडल मऊ का?

नाशिकच्या एका घरात वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे. गाडी १९९० च्या दशकातली. सणासुदीला बाहेर निघते, एरवी कव्हर घालून अंगणात उभी असते. मुलांना घेऊन मुंबईला लग्नाला जायचे ठरले, तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाने विचार केला की, कसारा घाट उतरायचा तर आधी ब्रेक सुधारून घ्यावेत. गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क बसवल्या. नवे कॅलिपर, नवे पॅड, नवे ब्रेक ऑइल. पैसे चुकते करून गाडी घरी आणली आणि फाटकाशी ब्रेक दाबला, तर पाय थेट खाली गेला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा कुठे गाडी थांबली.

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, नवे काम आहे. चार-पाचशे किलोमीटर चालवा, पेडल आपोआप वर येईल."

घरातल्या बाईंनी मात्र बॅगा भरायचे थांबवले. "अहो, पेडल वर येईपर्यंत घाटात काय करायचं?" त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडे अंतर चालावे लागते, हे खरे. तोवर पेडल किंचित स्पंजी वाटू शकते. पण पहिल्या दाबात पाय तळाला जात असेल, तर ते 'नवे काम' नसते. तो दोष असतो आणि तो सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढता कामा नये.

आधी तक्रार ओळखा

'पेडल मऊ आहे' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात. त्या ओळखायला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. गाडीला व्हॅक्यूम बूस्टर असेल, तर त्यातला व्हॅक्यूम संपावा म्हणून पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा. मग पुढील गोष्टी पाहा.

पहिल्या दाबात पेडल खाली जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर राहते आणि कडक लागते. याचा अर्थ, कुठल्या तरी चाकात पॅड किंवा शू यांना जास्त अंतर तोडावे लागते आहे.

कितीही वेळा दाबले तरी पायाखाली रबराचा चेंडू असल्यासारखे वाटते. ही बहुधा पाइपात अडकलेली हवा असते, नाही तर दाबाने फुगणारा जुना रबरी पाइप.

पाय घट्ट दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली सरकत जाते. ही गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि जोडांवर ओल दिसते का ते पाहा. बाहेर थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील दाब धरत नाही, असे समजावे.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका. बूस्टर असलेल्या गाडीत पेडल दाबून धरून इंजिन सुरू केले, की ते थोडे खाली जाते. बूस्टर काम करतो आहे, याचीच ती खूण आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

ब्रेकचे पेडल इतके हळवे का, हे थोड्या हिशेबाने कळते. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर आहे, पुढच्या प्रत्येक चाकाला ४८ मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचा कॅलिपर आहे आणि पेडलची तरफ पाचास एक या प्रमाणात आहे. दोन्ही चाकांचे पिस्टन फक्त अर्धा मिलिमीटर पुढे सरकवायला सुमारे १.८ घन सेंटिमीटर ऑइल लागते. तेवढे ढकलायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन सहा मिलिमीटरच्या वर चालतो. तरफेमुळे पायाला मात्र तीन सेंटिमीटरहून जास्त अंतर जावे लागते.

म्हणजे चाकापाशी अर्धा मिलिमीटर आणि पायापाशी तीन सेंटिमीटर! डिस्क जराशी वाकडी फिरत असेल, चाकाचे बेअरिंग ढिले असेल किंवा कॅलिपरची सरकपिन कोरडी पडून अडकत असेल, तर पॅड दर वेळी मागे ढकलला जातो. मग पुढच्या दाबात एवढे अंतर आधी भरून काढावे लागते.

हवेचाही हिशेब असाच आहे. ऑइल दबत नाही, हवा दबते. एक घन सेंटिमीटरचा बुडबुडा म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. ब्रेकच्या दाबाखाली तो जवळजवळ नाहीसा होतो आणि पेडलची सुमारे पावणेदोन सेंटिमीटर चाल गिळून टाकतो.

हवा कुठे दडते?

ब्रेक बदलताना पाइप उघडले जातात, त्यामुळे आत हवा शिरणारच. ती काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल सैल करायचे, हवा आणि ऑइल बाहेर आले की निपल आवळायचे आणि मगच पेडल सोडायचे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवले, तर बुडबुडे दिसतात आणि हवा परत आत जात नाही. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी. वरची टाकी मध्येच रिकामी झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एवढे करूनही पेडल चेंडूसारखेच राहिले, तर पुढच्या चाकांपाशी बसून फक्त एक गोष्ट पाहा: हवा काढायचे निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का? हवा नेहमी वर चढते. पुष्कळ गाड्यांत डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसू शकतो. बोल्ट लागतात, पाइप जोडला जातो, चाकही फिरते. फक्त निपल खाली येते. मग बाटल्यांमागून बाटल्या ऑइल ओतले तरी वरच्या कोपऱ्यातला बुडबुडा तिथेच राहतो. ब्रेक बदलल्यावर पेडल मऊ राहण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे आणि उपाय म्हणजे कॅलिपरची अदलाबदल.

मास्टर सिलिंडर नवा बसवला असेल, तर गाडीत लावण्याआधी तो टेबलावर धरून त्यातली हवा काढावी लागते. सिलिंडर जुनाच असेल, तर उलटी काळजी घ्यायची. रोजच्या वापरात त्याचा पिस्टन ठरावीक अंतरच चालतो, त्यापुढच्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत ठोकले, तर सील त्या खरबरीत भागावरून घासून खराब होते आणि आदल्या दिवसापर्यंत चांगला असलेला सिलिंडर दुसऱ्या दिवशी दाब धरेनासा होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला, की हे टळते.

ए.बी.एस. असलेल्या गाडीची गोष्ट निराळी. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे आहे. त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला संगणकी यंत्र जोडून आतल्या झडपा चालवाव्या लागतात. हे काम घरच्या अंगणात होत नाही.

मागची चाके विसरू नका

पुढे डिस्क बसवल्या, की सगळे लक्ष पुढे जाते. मागचे ड्रम मात्र तसेच राहतात. त्यांचे शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील, तर पेडलची निम्मी चाल त्यांच्यापर्यंत पोहोचण्यातच खर्च होते. पुढचे काम चोख असूनही ब्रेक 'पंप मारल्यावर' लागतो. मागचे शू ड्रमला हलके घासेपर्यंत ॲडजस्ट करून किंचित सैल केले, की पुष्कळदा पेडल तिथेच वर येते. अर्ध्या तासाचे हे काम शेवटी नव्हे, आधी करावे.

मोठा सिलिंडर हा पहिला उपाय नव्हे

पेडल मऊ लागले, की काही जण मास्टर सिलिंडर मोठ्या व्यासाचा बसवायला सांगतात. पेडल खरोखर वर येते. पण १९ ऐवजी २२ मिलिमीटरचा सिलिंडर लावला, तर तेवढाच दाब निर्माण करायला पायाचा जोर सुमारे एक तृतीयांश जास्त लागतो. पेडल कडक, म्हणून ब्रेक चांगला, असे समजणे चुकीचे आहे. शिवाय डिस्क ब्रेकला मुळातच ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो. ड्रममध्ये फिरणाऱ्या चाकाच्या ओढीने शू आणखी घट्ट बसतो, तशी मदत डिस्कला मिळत नाही. बूस्टर नसलेल्या जुन्या गाडीत हा फरक वयस्कर माणसाच्या पायाला चांगलाच जाणवेल.

हवा नाही, गळती नाही, मागचे शू बरोबर आहेत आणि तरीही चाल पुरत नाही, तेव्हाच सिलिंडर लहान पडतो का, याचा विचार करावा. ड्रमसाठी बनवलेल्या काही सिलिंडरांत पाइपात थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. डिस्कला ती तशीच राहिली, तर पॅड घासत राहतात आणि चाक तापते. म्हणून सिलिंडर आणि कॅलिपर एकमेकांना जुळणारे आहेत ना, हे काम देण्याआधीच विचारून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधने घालते. तेव्हा आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांच्याकडेही आधी चौकशी केलेली बरी.

ऑइलची बाटली

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळले, की पाइपात वाफ होते आणि घरी कडक असलेले पेडल घाटात मऊ पडते. म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदला. इंजिन ऑइल किंवा ग्रीस यात चुकूनही जाता कामा नये, कारण त्याने रबरी सील फुगतात. सिलिकॉनचे डॉट-५ ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४ मध्ये मिसळू नका. हे ऑइल विषारी असते, त्यामुळे बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवा.

नाशिकच्या त्या गाडीचे काय झाले?

बाईंच्या हट्टामुळे गाडी परत गॅरेजात गेली, तीही टो करून. वर सांगितल्याप्रमाणे पेडल दाबून पाहिले, तेव्हा दोन तक्रारी दिसल्या: पेडल पंप मारल्यावर वर येत होते, पण वर आल्यावरही चेंडूसारखे होते. पुढची चाके काढली, तर दोन्ही निपले खालच्या अंगाला! कॅलिपर उलटसुलट बसले होते. गॅरेजवाल्याने खळखळ न करता ते बदलले, पुन्हा हवा काढली, मागचे शू ॲडजस्ट केले. पेडल वरच्या वर थांबू लागले.

त्यानंतरही घाईने घाट गाठला नाही. आधी उभ्या गाडीत अर्धा मिनिट पेडल घट्ट दाबून धरले, ते सरकले नाही. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून दोन-चार वेळा गाडी थांबवून पाहिली. पुढचे दोन दिवस रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून बेताने ब्रेक लावत आणि मध्ये ब्रेक थंड होऊ देत पॅड बसवून घेतले. चाकांपाशी ओल नाही, टाकीतली पातळी उतरलेली नाही, हे रोज पाहिले.

लग्नाला निघायला एक दिवस उशीर झाला आणि हळदीचा कार्यक्रम चुकला. कसारा घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये उतरली, ब्रेक जरूर पडेल तिथेच लावला. मागे बसलेली मुले खिडकीतून दरी पाहत होती. बाईंनी वाटेत दोनदा विचारले, "पेडल वर आहे ना?" दोन्ही वेळा उत्तर आले, "आहे."