नौका हवेत असताना जबाबदार कोण?

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या काळात किनाऱ्यावर घेतलेल्या नौकांची डागडुजी होते, रंग चढतो, इंजिने उघडली जातात. जुलै सरत आला की पुन्हा पाण्यात उतरण्याची घाई सुरू होते. पूर्वी उधाणाची भरती साधून, ओंडक्यांवरून, माणसांच्या बळावर होडी लोटली जाई. आजच्या जड नौकांसाठी काही बंदरांत क्रेन बोलावतात. काम झटपट होते, पण धोका वाढतो.

भाडे ठरवताना ‘वीस टनी क्रेन’ एवढे ऐकून समाधान मानणे चुकीचे आहे. तो आकडा भार क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा असतो. जेटीवरून बूम बाहेर काढत न्यावी तशी उचलण्याची ताकद झपाट्याने घटते. त्यात नौकेचे खरे वजन कुणी धरलेले नसते. इंजिन, टाकीतले डिझेल, जाळी, तळाशी साचलेले पावसाचे पाणी हे सगळे मोजायला हवे. पट्टे कुठे बांधायचे, हेही मालकानेच दाखवायला हवे. प्रोपेलरच्या दांड्यावर पट्टा आला तर नुकसान ठरलेले.

आणि पट्टा तुटला तर?

क्रेनच्या विम्याकडे बोट दाखवून भागत नाही. फिरत्या क्रेनच्या वाहन विम्याला आयएमटी-47 हे पुरवणी कलम जोडलेले असते. त्यानुसार यंत्र म्हणून काम करताना क्रेन उलटली, तर जादा हप्ता भरल्याखेरीज तिचीच भरपाई मिळत नाही. त्या कामात दुसऱ्याचे नुकसान झाले, तर मोटार वाहन कायद्यापुरतीच जबाबदारी विमा कंपनी घेते. मग आकड्याला लटकणारी नौका कुणाच्या भरवशावर?

नौकेचा विमा तरी हे कवच देतो का, ते पॉलिसी वाचूनच कळते. क्रीडानौकांसाठीच्या 1985 च्या ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’मध्ये उचलणे, किनाऱ्यावर ओढणे आणि पाण्यात सोडणे स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. मासेमारी नौकेच्या पॉलिसीतही हीच स्पष्टता असली पाहिजे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नौकाविम्याच्या हप्त्याला साहाय्य आहे. सरकारी पैसा लागतो तिथे ही अट घालणे अवघड नाही.

मच्छीमार सोसायट्यांनीही पुढे यावे. एकेका मालकाने घासाघीस करण्यापेक्षा सोसायटीने सर्वांसाठी मिळून क्रेन ठरवावी. लेखी करारात नुकसानीची जबाबदारी आणि लटकत्या भाराचा विमा नमूद करावा. उचलण्याच्या यंत्रांची दर 12 महिन्यांनी तपासणी करण्याची शिस्त 1948 च्या कारखाने कायद्याने घालून दिली. जेटीवर येणाऱ्या क्रेनकडेही तसा दाखला मागावा. नौका उचललेली असताना तिच्यावर आणि तिच्याखाली एकही माणूस नसावा.

एका नौकेवर मालकाचे कर्ज आणि खलाशांच्या घरांची चूल अवलंबून असते. मत्स्यव्यवसाय विभागाने करार आणि विम्याचा सोपा नमुना मराठीत तयार करून बंदी उठण्याआधी प्रत्येक सोसायटीकडे पोहोचवावा.