हृदयाच्या जखमेवर स्टिरॉइडचा उतारा?

सूज उतरवण्यात स्टिरॉइडचा हात धरणारी औषधे फार थोडी आहेत. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचले आणि काही दिवसांत ती हिंडूफिरू लागली. 1950 मध्ये हेंच यांना सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले. पुढे दमा, त्वचारोग, अ‍ॅलर्जी अशा कितीतरी आजारांत या औषधाने माणसांना जगणे परत दिले. मग हार्ट अटॅकमध्येही ते का वापरू नये, हा प्रश्न डॉक्टरांना पडणारच होता.

1973 मध्ये पीटर लिबी, बर्टन सोबेल, यूजीन ब्राउनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांची हृदयधमनी बांधून त्यांना हायड्रोकॉर्टिसोन दिले. 24 तासांनी पाहिले तेव्हा मेलेल्या स्नायूचा भाग कमी होता. आशा वाटावी असाच निकाल होता. पण खरी मेख त्या 24 तासांतच होती.

रक्त न मिळाल्याने हृदयाचा स्नायू मरतो, तेव्हा काही तासांत पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात. त्यांच्यामागून येणाऱ्या पेशी मेलेला भाग खाऊन साफ करतात, आणि मग कोलॅजेनच्या धाग्यांचा घट्ट व्रण तयार होऊ लागतो. या सगळ्याला सूज लागते. ती आवरली नाही तर आजूबाजूच्या जिवंत स्नायूलाही इजा होते, हे खरे. पण ती मुळातच दाबली तर साफसफाई रेंगाळते आणि व्रण कच्चा राहतो. पहिल्या आठवड्यात हृदयाची भिंत आधीच मऊ असते, क्वचित फाटतेही. स्टिरॉइडला यातली कोणती सूज कामाची आणि कोणती घातक, हे ओळखता येत नाही.

1974 मध्ये बर्नाडीन बल्कली आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी शवविच्छेदनातून नेमके हेच दाखवले: स्टिरॉइड मिळालेल्या रुग्णांची जखम उशिरा भरली होती आणि भिंतीला फुगा आला होता. (याच बल्कली पुढे बर्नाडीन हीली या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या.) 1976 मध्ये आणखी एक अभ्यास आला. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे अनेक डोस दिलेल्या रुग्णांत नुकसान वाढले, ठोक्यांची अनियमितता वाढली. या अभ्यासाच्या लेखकांत तेच सोबेल होते, ज्यांचे नाव 1973 च्या आशादायक निबंधावर होते. आपल्याच आशेला छेद देणारा पुरावा छापणारा संशोधक आदराला पात्र आहे.

तरी विषय मिटला नाही. 2003 मध्ये 11 चाचण्यांतल्या 2,646 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. हृदय फाटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मृत्यू कमी झाल्यासारखे वाटले, पण मोठ्या चाचण्यांपुरते पाहिले की तो फायदा विरून जात होता.

अखेर डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी हा प्रश्न थेट अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नेला. 2024 मध्ये निकाल आलेल्या या चाचणीत 530 रुग्ण होते. रुग्णालयात पोहोचण्याआधीच त्यांना 250 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा औषध नसलेले इंजेक्शन दिले गेले. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांची हृदये थोडी बरी दिसली. तीन महिन्यांनी व्रण मोजला तेव्हा तो एका गटात मुख्य कप्प्याच्या स्नायूच्या 5 टक्के आणि दुसऱ्यात 6 टक्के निघाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. सुरुवातीचे चित्र पुन्हा एकदा फसवे ठरले.

अशी मेहनत ‘वाया गेली’ म्हणणे चूक आहे; औषध कुठे तारते आणि कुठे मारते, हे अशा चाचण्यांतूनच कळते. डोक्याला जबर मार लागलेल्यांना डॉक्टर अनेक दशके स्टिरॉइड देत होते. 2004 मध्ये दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत कळले, की औषध मिळालेल्यांपैकी 21 टक्के दोन आठवड्यांत दगावले, न मिळालेल्यांपैकी 18 टक्के. उलट 2020 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड वाचवते हे सिद्ध केले; ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. ही दुसरी ओळ आपल्याकडे पुरेशी वाचली गेली नाही. 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा जो कहर सोसला, त्यात रक्तातल्या बेताल साखरेबरोबर अवाजवी स्टिरॉइडचाही वाटा होता.

आजच्या पुराव्यावर हार्ट अटॅकमध्ये स्नायू वाचवण्यासाठी स्टिरॉइडला जागा नाही. स्नायू वाचतो तो बंद धमनी लवकर उघडल्याने, अँजिओप्लास्टीने किंवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने. म्हणून छातीत कळ आली की घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा. दमा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडची गोळी रोज चालू असेल तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. गोळीचे नाव आणि डोस कागदावर लिहून ठेवा, आणि रुग्णालयात पोहोचताच तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.