रक्त कमी आहे; पण गेलं कुठे?

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात साठीच्या माणसाचं हिमोग्लोबिन सात निघालं, तर फारसं कुणी दचकत नाही. रोवणीची मेहनत, खाण्याची आबाळ, त्यात पूर्व विदर्भात सिकलसेल. ‘अंगात रक्त नाही’ हे इथे घरोघरी ऐकू येतं. लोहाच्या गोळ्या मिळतात, टॉनिकची बाटली येते आणि माणूस पुन्हा बांधीत उतरतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. गोळ्या द्यायलाच हव्यात, पण रक्त गेलं कुठे, हा प्रश्नही त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.

या प्रश्नाच्या अनेक उत्तरांपैकी एक फार कमी लोकांना माहीत आहे. जठराच्या भिंतीत वाढणारी ‘जिस्ट’ नावाची गाठ. जगभरच्या नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १० ते १५ जणांना ती होते. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. त्या प्रमाणात जिल्ह्यात वर्षाला बारा ते अठरा रुग्ण आणि पाच हजार वस्तीच्या गावात पंधरा-वीस वर्षांत एखादा. गावच्या डॉक्टरला अख्ख्या नोकरीत ती एकदाही दिसली नाही, तर नवल नाही.

यातल्या जवळपास साठ टक्के गाठी जठरात होतात, बऱ्याचशा उरलेल्या लहान आतड्यात. रुग्ण बहुतेक पन्नाशी-साठीचे. जठराचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरातून उगवतो. ही गाठ अस्तराच्या खाली, स्नायूंच्या थरात वाढते. आतड्याच्या हालचालीला ताल देणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांचं नाव आहे. जिस्टचं मूळ त्यांच्याशी जोडलेलं आहे. गाठ खोल असल्यामुळे बराच काळ दुखत नाही, भूकही जात नाही. वरचं अस्तर फाटून व्रण पडला की रक्त झिरपू लागतं. कधी उलटीतून येतं, पण जास्त करून संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते. आता अडचण बघा. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते. म्हणजे आपण जे औषध दिलं, तेच रोगाची खूण झाकून टाकतं. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी रुग्णाला संडासचा रंग विचारायचा असतो, नंतर नाही.

दुसरी फसगत पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीत होते. अस्तराचा वरवरचा तुकडा काढला की अहवाल ‘काही नाही’ असा येऊ शकतो, कारण गाठ त्याखाली असते. तेव्हा सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीला जोडलेली सोनोग्राफी लागते आणि गाठीतल्या तुकड्यावर सीडी-११७ ही विशेष चाचणी करावी लागते. धोका किती, हे गाठीचा आकार, ती कुठे आहे आणि पेशी किती वेगाने विभागतात यावर ठरतं. पाच सेंटीमीटर ही महत्त्वाची रेघ. जठरातली छोटी, मंद वाढणारी गाठ न फोडता पूर्ण काढली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पसरलीच, तर ती यकृतात आणि पोटाच्या आवरणात जाते.

१९९८ मध्ये जपानच्या सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठीतल्या ‘किट’ जनुकातला बिघाड दाखवला. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत एका रुग्णाला हा बिघाड रोखणाऱ्या इमॅटिनिबची गोळी दिली गेली आणि पसरलेली गाठ आटली. याच औषधाच्या पेटंटची कोर्टातली लढाई मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही लढली. नोव्हार्टिस कंपनी इमॅटिनिब ‘ग्लिवेक’ या नावाने विकायची; त्याचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, आपल्या कंपन्यांच्या गोळीचा आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने ग्लिवेकच्या पेटंटचा दावा फेटाळला. आज इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. धोका जास्त असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर ही गोळी किमान तीन वर्षं घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून ती मध्येच सोडणं घातक आहे.

एवढ्या कष्टाने स्वस्त झालेलं औषध एकोडीच्या माणसापर्यंत पोहोचायचं, तर आधी त्याचं निदान व्हायला हवं. त्यासाठी नागपूरला खेटे घालायला लावू नयेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचं नाव आहे. तिथे पोटाच्या दुर्बिणीची तपासणी ठरावीक दिवशी, न चुकता झाली पाहिजे आणि सीडी-११७साठी तुकडा पाठवण्याची पक्की सोय हवी. ही दुर्बीण एका दुर्मिळ गाठीसाठी आणायची नाही. तिच्यातच अल्सर सापडतो, जठराचा नेहमीचा कर्करोगही सापडतो.

पन्नाशीनंतर पुरुषाचं, किंवा पाळी थांबलेल्या बाईचं रक्त कारणाशिवाय कमी झालं, तर नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नका. संडासचा रंग डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा आणि दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.