इंडियानाला सोपे सामनेच का हवे असतात? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं गणित

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. साखळीत प्रत्येक संघाचे 12 सामने. इंडियाना युनिव्हर्सिटी ज्या ‘बिग टेन’ गटात आहे, तिथे त्यातले 9 गटातल्याच संघांशी होतात. उरलेले 3 प्रतिस्पर्धी कॉलेज स्वतः ठरवतं. खरी गंमत इथेच आहे.

पडलेला संघ उभा करायचा तर पहिलं लक्ष्य 6 विजय, कारण तेवढे जिंकले की हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्याची पात्रता मिळते. म्हणून छोट्या कॉलेजला लाखो डॉलर देऊन आपल्या मैदानावर बोलवायचं. त्यांना पैसा, यांना विजय. कधीकधी हे अंगलटही येतं. 2007 मध्ये मिशिगनने असंच बोलावलेल्या अ‍ॅपलाचियन स्टेटने यजमानांनाच 34-32 असं हरवलं होतं.

2023 मध्ये इंडियाना 12 पैकी 9 सामने हरली. 2024 मध्ये नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले. लुईव्हिलसोबत ठरलेला सामना रद्द झालेला होता. वेस्टर्न इलिनॉयला तर 77-3 ने धुतलं. 11 विजय मिळाले, प्लेऑफही गाठलं, पण तिथे नोत्र दामकडून हरल्यावर प्रश्न आला, “तुम्ही खेळलात तरी कोणाशी?”

त्यानंतर व्हर्जिनियाविरुद्धची मालिकाही रद्द झाली. एसईसी गटातले संघ करतात तेच आम्ही करतोय, असा टोला सिग्नेटींनी मारला. तिकीट काढणाऱ्या चाहत्याला मात्र एकतर्फी सामनेच बघावे लागतात.

2025 मध्ये पुन्हा ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट. प्लेऑफ धरून 16 पैकी 16 सामने जिंकत इंडियाना राष्ट्रीय विजेती ठरली.