राजीनाम्यावर सही करण्याआधी

डिलाईल रोडवर, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं (ईएसआयसी) पंचदीप भवन आहे. आसपासच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आज मॉल आणि काचेची ऑफिसं आहेत. तिथे कपडे विकणाऱ्या मुली, दारावरचे सिक्युरिटीवाले आणि हाउसकीपिंगची पोरं यांतल्या अनेकांच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का ईएसआयसीचा कापला जातो. कशासाठी कापतात विचारा, उत्तर येतं, 'दवाखान्यासाठी'. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय सगळ्यांना ठाऊक असतं. नोकरी गेल्यावर त्याच वर्गणीतून भत्ताही मिळू शकतो, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असतं.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना असं त्याचं बोजड नाव. 1 जुलै 2018 ला ती दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आली आणि पुढे मुदतवाढींवर चालत राहिली. आधी सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के मिळायचे, तेही नव्वद दिवस बेकार राहिल्यावर. 2020 च्या टाळेबंदीत ते पन्नास टक्के झाले, थांबण्याची मुदत तीस दिवसांवर आली आणि अर्जासाठी जुन्या मालकाच्या दारात जाण्याची सक्ती गेली. विमा दोन वर्षांचा हवा, शेवटच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी हवी आणि आधीच्या तीनपैकी एका सहामाहीत तेवढीच. अठरा हजार पगार असेल तर रोज तीनशे रुपये. नव्वद दिवसांचे सत्तावीस हजार, आणि तेही आयुष्यात एकदाच.

रक्कम तुटपुंजी आहे, पण खोलीचं भाडं आणि मुलाखतींचं गाडीभाडं तेवढ्यात निघतं. मग हे पैसे लोक घेत का नाहीत?

कारण या भागात नोकरी जाते ती राजीनाम्यानं. सेल संपला, कॉन्ट्रॅक्टर बदलला की एचआर बोलावून घेतो आणि सांगतो, 'तूच राजीनामा दे, एक्स्पीरियन्स लेटर चांगलं देतो, फुल अँड फायनल लवकर करतो.' पोरगा सही करतो. पुढचा हिशेब अडला की करणार काय? पण गैरवर्तनावरून काढलेल्यांना आणि स्वेच्छेनं नोकरी सोडणाऱ्यांना हा भत्ता नाही. त्यात वर्गणी थांबण्याचं कारण महामंडळाच्या पोर्टलवर मालकच भरतो. 'नोकरी सोडली' आणि 'कामगार कपात' हे तिथले दोन वेगळे पर्याय. मालक पहिला निवडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

परळला हे नवीन नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारोंना गिरण्यांनी परत घेतलं नाही. 1986 मध्ये केंद्राने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. योजना वाईट नव्हती. पण ती कायमच्या बंद झालेल्या गिरणीसाठी होती, त्यातही जून 1985 नंतर बंद झालेल्या. ज्याची गिरणी कागदावर चालू होती आणि फक्त त्याच्यासाठी फाटक बंद होतं, तो बेकार ठरलाच नाही. त्यांतले कितीतरी जण मग साताऱ्याला, कोकणात गावी गेले. पाच वर्षांच्या नोकरीची अट होती, म्हणजे बदली कामगाराचा तर प्रश्नच मिटला. 2017 मध्ये तो निधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाला. ती योजनाही कारखाना बंद पडणं किंवा कामगार कपात, असा स्वच्छ पुरावा मागते.

म्हणून माझं म्हणणं असं की, नोकरी कशी गेली हे मालकाच्या कागदावरून ठरवणं बंद करा. वर्गणी कधी थांबली हे महामंडळाला दिसतं. ती तीस दिवस थांबलेली असली आणि माणूस दुसरीकडे कामाला लागला नसला, की भत्ता सुरू व्हावा. याने लोक मुद्दाम नोकऱ्या सोडतील, अशी भीती घातली जाते. जन्मात एकदाच मिळणाऱ्या अर्ध्या पगाराच्या तीन महिन्यांसाठी लागलेली नोकरी कोण सोडतो? आणि 21,000 ची पगारमर्यादाही हलवा. 2017 पासून ती तिथेच आहे. चांगली वाढ मिळालेला सेल्समन चालू सहामाही संपली की विम्याबाहेर पडतो.

नियम बदलेपर्यंत एवढं करा. राजीनामा मागितला तर, 'काढताय तसं लेखी द्या,' म्हणा. दबाव आला तर तो मेसेजवर येऊ द्या आणि जपून ठेवा. शेवटची पगारपावती, विमा क्रमांक, आधार आणि पासबुक हाताशी ठेवा. महिना उलटला की अर्ज ऑनलाइन भरा किंवा शाखा कार्यालयात नेऊन द्या. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा.