वस्तीतली शाळा बंद पडू देऊ नका

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीला, हनुमंताच्या दारात, पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली. ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा जिल्हा उभा राहिला. कलेक्टर जवळ आले, पोलीस अधीक्षक जवळ आले, छिंदवाड्याच्या खेपा वाचल्या. तेव्हापासून पानठेल्यावर आणि तहसिलीच्या आवारात एक बोलणं सारखं कानावर येतं. आता तरी सट्टापट्टीवाल्यांना जिलाबदर करा, गांजावाल्यांना आत टाका, रात्रीची गस्त वाढवा. ज्याच्या बागेतला मोटारपंप चोरीला गेला, ज्याच्या बहिणीची बसस्टँडवर दारुड्यानं वाट अडवली, त्यानं असं म्हणू नये तर काय म्हणावं? गस्त हवीच.

पण गस्तीसाठी निवेदनावर सह्या गोळा करणारे आपण, गावाच्या टोकाची प्राथमिक शाळा बंद होते तेव्हा साधा अर्जही लिहीत नाही. मला याचा राग येतो. दहा वर्षांनी ठाण्याच्या वहीत जी नावं चढणार आहेत, त्यांतली बरीचशी आज त्या शाळेच्या पटावर आहेत. पटावरून ती कधी गळाली याकडे आपलं लक्ष नसतं.

शाळा एका दिवसात बंद पडत नाही. आधी दोन शिक्षकांपैकी एकाची बदली होते. त्याच्या जागी अतिथी शिक्षक येतो, त्याचं मानधन रखडतं, तो कंटाळून जातो. उरलेल्या एकट्या गुरुजींवर पाच वर्ग, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, पोरांच्या समग्र आयडीच्या दुरुस्त्या आणि वर निवडणुकीचं काम. ज्याला परवडतं तो आपलं लेकरू पिवळ्या व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. पट घटतो. पट घटला की वरून कागद येतो आणि शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होते. मध्य प्रदेशात ‘एक परिसर, एक शाळा’ झालं, मग मोठ्या सीएम राईज शाळा आल्या, त्यांना आता सांदीपनी म्हणतात. तिकडे महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करायचं काढलं. अशा शाळा तिथे पावणेपंधरा हजारांच्या घरात होत्या. मोठ्या शाळेला माझा विरोध नाही. प्रयोगशाळा, मैदान, बस हे सगळं आपल्या पोरांना मिळालंच पाहिजे. पण सहा वर्षांची पोरगी नाला उतरून, ट्रक धावणारा नागपूर-छिंदवाडा रस्ता ओलांडून तिथवर जाईल, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा तिच्यासोबत चालून यावं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत सांगितली आहे, ती उगाच नाही.

शाळा गेली तरी बागवानाचं पोर शिकतंच. गळतं ते संत्री तोडणाऱ्याचं, वीटभट्टीवाल्याचं, गोंड मजुराचं, पारध्याचं. आंबिया बहाराच्या तोडणीला आईबापांसोबत बागेत गेलेलं पोर दिवाळीनंतर वर्गात परत येतं ते फक्त शाळा जवळ असेल तर, आणि गुरुजी स्वतः घरी येऊन हाक मारणारे असतील तर. नाही आलं, तर बारा-तेरा वर्षांचा तो मुलगा ठेल्यावर खर्रा घोटायला बसतो. तिथे त्याला खर्र्याची सवय लागते, मग पंक्चरच्या सोल्युशनच्या चिंध्या हुंगणारे सोबती भेटतात. कुणीतरी त्याला पट्टीचे आकडे पोचवायला पाठवतं, कुणीतरी एक पुडकं देतं. पोराला कायदा कळत नाही. पुडकं देणाऱ्याला मात्र पुरता कळतो, म्हणूनच तो पोराला पाठवतो.

गरीब माणूस चोर असतो असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं पाप आहे. आपल्या पट्ट्यातली हजारो घरं कापूस वेचून, बोरगावच्या कारखान्यांत पाळ्या करून, नागपुरात बांधकामावर जाऊन सचोटीनं जगतात. गरिबी माणसाला गुन्हेगार करत नाही. ती त्याच्यापुढच्या वाटा एकेक करून बंद करते. पोटाची निकड, सुटलेली शाळा आणि हाताशी आलेली नशा, ही तिन्ही एका पोराच्या वाट्याला आली की त्याला सावरायला घरात कुणाकडे काहीच उरत नाही. या तिन्हींतली शाळा ही एकच गोष्ट गाव स्वतःच्या बळावर टिकवू शकतं.

गरिबी आणि गुन्ह्याच्या या गाठीचं चुकीचं टोक धरलं तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. नागपूर-इटारसी लायनीवर पांढुर्ण्याच्या पुढे मुलताई लागतं. त्या तहसिलीतल्या चौथिया गावच्या पारधी वस्तीवर सप्टेंबर २००७ मध्ये जमाव चालून गेला. जवळच्या गावात एका बाईवर अत्याचार करून तिचा खून झाला होता आणि संशय पारध्यांवर होता. त्या बाईला न्याय मिळायला हवा होता, दोषी असेल त्याला शिक्षा व्हायला हवी होती. झालं भलतंच. सगळी वस्ती जाळली गेली, पाडली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशी बायामुलं बैतुलात उघड्यावर येऊन पडली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. पुढे उच्च न्यायालयाला तपास सीबीआयकडे द्यावा लागला. त्या वस्तीतली किती लेकरं नंतर वर्गात बसली असतील? आणि घर जळताना ज्यांनी पाहिलं त्यांच्या मनात गावाबद्दल, कायद्याबद्दल काय उरलं असेल?

जमावाच्या मनात ‘ही जातच तशी’ हे पक्कं होतं. ते आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि पारधीही त्या यादीत गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण ठाण्यातली आणि गावातली नजर गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला अजून सांगावं लागलं की तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीनं अटक करू नका. स्वातंत्र्याला पंचाहत्तरच्या वर वर्षं झाल्यावर.

आता दुसरं टोक पाहा. अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले या फासेपारधी तरुणानं जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडली. सिग्नलवर, रेल्वेत भीक मागणारी, कचरा वेचणारी आपल्याच समाजाची पोरं त्यानं गोळा केली आणि २०१२ मध्ये झोपड्यांत शाळा सुरू केली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. काही वर्षांत तिथे चारशेहून अधिक मुलंमुली राहून शिकू लागली. ज्यांचे बाप पोलिसांची गाडी दिसली की शेतात पळत, ती पोरं हजेरीला ‘हजर’ म्हणू लागली. हे काम कुठल्याही पोलीस चौकीला जमलं नव्हतं. आणि जून २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या वाटेत आल्या म्हणून या शाळेच्या वर्गखोल्या आणि वाचनालय पाडण्यात आलं. लोकांनी देणग्या देऊन उभं केलेलं वाचनालय! महामार्ग हवा हे मान्य. पण आधी नवी शाळा बांधून मग जुनी पाडायची एवढी साधी गोष्ट ज्या व्यवस्थेला सुचत नाही, ती उद्या त्याच पोरांसाठी तुरुंगात खोल्या बांधणार आहे.

तुरुंगात कोण आहे तेही बघून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. या कच्च्या कैद्यांतले सुमारे दोन तृतीयांश दहावीपर्यंतही पोचलेले नाहीत. याचा अर्थ शिकलेला माणूस गुन्हा करत नाही असा नाही. शिकलेल्याला वकील मिळतो, जामीनदार मिळतो, तो बाहेर असतो. पण शाळा गुन्ह्यापासून वाचवते याचा वेगळा पुरावाही आहे. अमेरिकेत लॉकनर आणि मोरेट्टी या दोन अर्थतज्ज्ञांनी सक्तीच्या शिक्षणाची वर्षं जिथे वाढली तिथला हिशेब मांडून २००४ मध्ये दाखवलं की शाळेतलं प्रत्येक जादा वर्ष तुरुंगात जाण्याची शक्यता कमी करतं.

दारूबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मध्य प्रदेशानं एप्रिल २०२३ पासून दुकानाला लागून असलेले अहाते बंद केले, शाळा आणि देवळांपासून दुकानाचं अंतर ५० मीटरवरून १०० मीटर केलं. एप्रिल २०२५ पासून मुलताईसह १९ पवित्र ठिकाणी दारूविक्री बंद झाली. ही चांगली पावलं आहेत. पण नुसत्या बंदीनं काय होतं ते शेजारच्या महाराष्ट्रातल्या चंद्रपुरानं भोगलं आहे. तिथे १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. कारण सांगितलं ते असं की चोरटी दारू वाढली आणि तिच्या वाहतुकीत बायामुलं ओढली गेली. गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी टिकली. तिथे बंदी लोकांच्या आंदोलनातून आली होती आणि आजही ‘मुक्तिपथ’ या अभियानाच्या कामातून गावोगावच्या बाया ती राखतात, व्यसनी माणसाला उपचारही मिळतो. गावाचा हात नसलेली बंदी चोरट्यांचा धंदा वाढवते, हा माझ्या लेखी चंद्रपूरचा धडा.

आपल्याकडे तर आबकारीचा बडगा पडतो कुणावर? दोन-चार लिटर मोहाची घेऊन बसलेल्या बाईवर. भोपाळच्या क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्टनं राज्यातले आबकारीचे एफआयआर तपासून हेच मांडलं. थोड्याशा मोहाच्या दारूपायी आदिवासी आणि विमुक्त जमातींची माणसं सारखी पकडली जातात. ट्रकभर पेट्या भरून सीमेपलीकडे सावनेर, नागपूरकडे पाठवणारा त्या बाईपेक्षा कितीतरी कमी वेळा हाती लागतो. बाईला ठाण्यात नेलं की घरची धाकटी भावंडं सांभाळायला थोरली मुलगी शाळा सोडते. असा एक गुन्हा नोंदवताना आपण पुढच्या दोन गुन्ह्यांची सोय करून ठेवतो.

गांजाचंही तसंच. एनडीपीएस हा १९८५ चा कायदा कडक आहे, पण अगदी आंधळा नाही. एक किलोपर्यंतचा गांजा त्यात अल्प मात्रा धरला जातो, वीस किलोच्या वर व्यापारी मात्रा. आणि याच कायद्याचं कलम ६४अ म्हणतं की नशेच्या आहारी गेलेला माणूस, ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप आहे, तो स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालू नये. पोर्तुगालनं २००१ पासून थोडी नशा जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी समुपदेशन आणि उपचाराच्या वाटेवर नेलं. आपल्या कायद्यात ती वाट आधीच आहे. ठाण्यात पोराला सोडवायला जाणाऱ्या बापाला हे कलम कुणी सांगत नाही, म्हणून मी इथे लिहितो आहे.

कुणी म्हणेल, त्या शाळेत सात-आठ पोरं, त्यांच्यावर सरकारनं पगार का घालवावा? माझं उत्तर सरळ आहे. गोटमार जत्रेच्या एका दिवसासाठी जांब नदीच्या दोन्ही काठांवर शेकडो पोलीस उभे करायला आपल्याकडे पैसा आहे. तो खर्च कुणी डोकी मोजून काढत नाही. मग सात पोरांच्या बारा महिन्यांचा हिशेब कशाला? आणि जे म्हणतात की तिथे गुरुजी येतच नाहीत, त्यांनी गुरुजी यावेत म्हणून भांडावं. मास्तर येत नाही म्हणून शाळाच काढून घेणं हा कुठला न्याय?

कायदा आपल्या बाजूनं आहे, तो वापरू या. शाला प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ही समिती बहुतेक गावांत कागदावर असते. तिची बैठक मागा, तिथे शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा ठराव लिहून घ्या आणि तो कलेक्टरकडे द्या. कलेक्टर आता पांढुर्ण्यातच बसतात. जन्माचा दाखला नाही म्हणून कुणी पोराला परत पाठवलं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ दाखवा. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटून तीन वर्षं झालेल्या मुलाला कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात घ्यावं लागतं आणि मागं राहिलेलं शिकवून घ्यावं लागतं. पारध्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी तर ज्याला चार अक्षरं येतात त्या प्रत्येकानं तहसिलीत सोबत जावं. जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे आपल्याकडे, पारधी अनुसूचित जमातीत आहेत, बैतुलात ती सवलत काही तहसिलींपुरतीच आहे. हातात असलेला हा हक्क कागदाअभावी वाया जातो आहे.

बागवान मंडळींना माझी खास विनंती. तोडणीला येणाऱ्या कुटुंबाची पोरं कॅरेटजवळ बसलेली दिसली तर मुनिमाला सांगून त्यांना सकाळी जवळच्या शाळेत पोचवा. तुमच्या बागेची राखण त्यातूनही होईल. शिक्षक बंधूभगिनींनो, एका पोराची हजेरी सलग आठवडाभर चुकली तर त्याच्या घरी जा, किंवा सरपंचाला पाठवा. महिला बचत गटांनो, दारूचं दुकान शाळेपासून शंभर मीटरच्या आत असेल तर टेप घेऊन मोजा आणि आबकारीला लेखी तक्रार द्या. तरुणांनो, जिलाबदरच्या यादीवर जेवढी चर्चा करता तेवढीच आपल्या गावच्या पटावर करा.

ग्रामसभा २६ जानेवारीला होते, १४ एप्रिलला होते, १५ ऑगस्टला होते, २ ऑक्टोबरला होते. यातली जी पुढे येते आहे तिथे उभे राहा आणि एकच ठराव मांडा: आमच्या गावची शाळा विलीन होणार नाही, तिथे पुरे शिक्षक हवेत आणि गावातलं एकही पोर पटाबाहेर राहणार नाही. ठरावाची प्रत सही-शिक्क्यानिशी मागून घ्या आणि गावातल्या दहा घरांत नेऊन द्या.