प्रबंध कोणाच्या हातचा?

गेल्या पावसाळ्यात वसमत तालुक्यातील एक विद्यार्थिनी हरिद्रेवरील आपला लघुप्रबंध घेऊन आमच्या दवाखान्यात आली होती. तो सारा टापूच हळदीचा. घरच्या शेतातही हळदच. विषय तिने आवडीने निवडला होता आणि निरीक्षणेही नेटकी होती. परंतु दुसऱ्याच पानावर आम्ही अडखळलो. ‘दार्वी’च्या जागी ‘दावी’, ‘वर्ण्य’च्या जागी ‘वण्य’ आणि मात्रेच्या प्रकरणात ‘कर्ष’च्या जागी सर्वत्र ‘कष’! ‘वण्य’ वाचून फार तर हसू येईल. पण औषधाचे मान सांगणाराच शब्द मोडावा, ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मजकूर तिने हाताने लिहून टंकलेखनाच्या दुकानात दिला होता. तेथे तो जुन्या फाँटमध्ये टंकित झाला. महाविद्यालयाने युनिकोडचा आग्रह धरल्यावर दुकानदाराने तो रूपांतरित करून दिला आणि त्या घाईत रफार गळाले. तपासण्यास वेळ नव्हता. दुरुस्ती करावी, तर त्या संगणकाशिवाय गत्यंतर नव्हते.

यामागील कारण वैद्यबंधूंनी समजून घ्यावे असे आहे. जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठविलेले असत. देवनागरी हे केवळ वरचे रूप. तो फाँट नसलेल्या यंत्रावर तीच संचिका उघडली, की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक वर्णास स्वतःचा संकेत असून अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. रफार कोठे चढवायचा ते फाँट पाहतो. देवनागरीला या प्रमाणकात १९९१ पासूनच स्थान आहे. असे असता आपल्या शाखेतील विद्यार्थ्यांनी अद्याप रूपांतराच्या भरवशावर राहावे, हे आम्हांस पटत नाही.

साधनांचा अभाव हे कारण तर मुळीच उरलेले नाही. ओपनऑफिस २००२ साली विनामूल्य उपलब्ध झाले. २००५ साली केंद्र शासनाने तमिळ व हिंदीसाठी संगणक-साधनांच्या तबकड्या फुकट वाटल्या. २०१० पासून ओपनऑफिसचीच शाखा असलेले लिब्रेऑफिस कोणालाही उतरवून घेता येते. संस्कृत जोडाक्षरे आणि रोमन लिप्यंतराची चिन्हे एकत्र हवी असल्यास मुंबईच्या आयआयटीने तयार केलेला ‘शोभिका’ हा फाँट मोफत आहे. तरीही किती दवाखान्यांतील संगणकांवर चोरून उतरविलेली सशुल्क प्रणाली नांदते आहे, हे आपण आपल्या मनाशीच विचारावे.

शिकण्यास फार लागत नाही. मात्र एक खाचखळगा आधीच सांगतो, कारण त्यात आम्ही स्वतः दोन संध्याकाळी घालविल्या. लिब्रेऑफिसमध्ये एफ ११ ही कळ दाबली की ‘स्टाइल्स’ची पट्टी उघडते. तेथील फाँटच्या पानावर पाश्चात्त्य लिपीचा एक रकाना आणि ‘सीटीएल’ असा दुसरा रकाना असतो. देवनागरी या दुसऱ्या रकान्यात मोडते. पहिल्यात कितीही आकार बदलला तरी मराठी ओळ जागची हलत नाही, आणि विद्यार्थी प्रणालीलाच दोष देऊन मोकळा होतो. प्रकरणांच्या शीर्षकांना योग्य स्टाइल दिली, की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. प्रकरण मागेपुढे केले तर ती एका क्लिकने अद्ययावत करता येते. तळटीपांचे क्रमांक तर प्रणाली स्वतःच सांभाळते.

तळटीपेवरून स्मरण झाले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली काढलेली, आचार्य यादवजी त्रिकमजी यांनी संपादिलेली चरकसंहिता ज्यांनी हाताळली असेल, त्यांना पानाखालील पाठभेदांच्या टिपा आठवतील. खिळे जुळवून छापण्याच्या त्या काळात एकेका अक्षराची एवढी राखण केली गेली. आज एका बोटाने जे साधते, ते आपण दुकानदारावर सोपवितो.

‘वैद्याने नाडी पाहावी, टंकलेखकाचे काम करू नये’, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मार्गदर्शक वर्डमध्ये सुधारणा करतात, विद्यार्थी लिब्रेऑफिसमध्ये, आणि या देवाणघेवाणीत कोष्टके विस्कटतात, हेही आम्ही अनुभवले आहे. त्यावर एवढेच करावे की काम चालू असताना संचिका एकाच स्वरूपात ठेवावी आणि अंतिम प्रत पीडीएफ करून द्यावी. परंतु मात्रा, अनुपान आणि वनस्पतींची नावे ज्या लेखनात आहेत, तेथे शेवटचा हात लेखकाचाच असला पाहिजे, याबाबत आम्ही तडजोड मान्य करणार नाही.

आमचा स्वतःचा अनुभवही याहून वेगळा नाही. आंतरवासितेच्या काळात ग्रामीण रुग्णांच्या नोंदी आम्ही मोठ्या उत्साहाने टंकित करवून एका सीडीवर जपून ठेवल्या होत्या. गतवर्षी ती उघडली, तर पानेच्या पाने चिन्हांची. तो फाँट शोधून काही पाने वाचता आली. बाकीच्या तीन संचिका अजून उघडलेल्या नाहीत. त्यांत एका शीतपित्ताच्या रुग्णाचा वर्षभराचा तपशील होता, एवढे आठवते.

त्या विद्यार्थिनीने मात्र पंधरा दिवस येऊन संपूर्ण प्रबंध स्वतः नव्याने टंकित केला. रफार लावता लावता तिला स्वतःच्याच एका कोष्टकातील चूर्णाची मात्रा चुकल्याचे आढळले. ती चूक दुकानदाराची नव्हती. रविवारी दुपारी आमच्या दवाखान्यातील संगणक मोकळा असतो. जिल्ह्यातील ज्या विद्यार्थ्यांना हे शिकावयाचे असेल, त्यांनी अवश्य यावे. येताना आपली मूळ हस्तलिखित प्रत तेवढी आणावी.